काडीमोडीपासून हुकूमनाम्यापर्यंत

विवाहविच्छेदाची कल्पना आपण पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापूर्वी आपल्याकडील विवाह मृत्यूवाचून संपतच नव्हता, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात इतका दृढमूल झाला आहे की, घटस्फोटाचा अर्ज घेऊन न्यायालयाच्या पायरीवर उभी राहिलेली स्त्री त्याला परंपरेविरुद्ध उठलेली वाटते. सातारा आणि सांगली या मुलखातील बहुजन समाजाचा इतिहास ज्याने डोळसपणे पाहिला असेल, त्याला हा समज टिकवून धरणे अवघड जाईल. पंचांसमक्ष काडी मोडून, सोडचिठ्ठी लिहून, दागदागिन्यांचा हिशेब मिटवून नवरा-बायकोने विभक्त व्हावे आणि त्या स्त्रीने पुढे पाट लावून दुसरे घर वसवावे, हा इथल्या अनेक जातींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. मराठी राज्यात अशा पाटांवर पाटदाम नावाची पट्टी बसत असे, आणि १८२७ साली आर्थर स्टील या इंग्रज अंमलदाराने दख्खनमधील जातींचे जे रिवाज संकलित करून प्रसिद्ध केले, त्यांत या व्यवहाराची नोंद आहे. त्याहून मागे जायचे तर कौटिल्याने परस्परद्वेषामुळे होणाऱ्या मोक्षाचा विचार केलेलाच आहे, जरी ब्राह्म आदी धर्म्य विवाहांना त्याने ती सवलत दिली नाही. आणि नारद व पराशर या स्मृतिकारांनी पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. अविच्छेद्य विवाहाचे तत्त्व समाजाच्या एका वरच्या थराचे होते. ते सर्व हिंदूंचे म्हणून सांगितले जाऊ लागले, आणि ज्यांच्या घरात ते कधी पाळले गेले नव्हते त्यांनीही ते प्रतिष्ठेच्या लोभाने उचलले, ही पुढची हकीकत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले, आणि त्यांच्या मातोश्री भीमाबाई यांची समाधीही साताऱ्यातच आहे. हिंदू संहितेच्या विधेयकाचे समर्थन करताना बाबासाहेबांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले होते की, ज्यांना शूद्र म्हटले जाते त्या बहुसंख्य हिंदूंत घटस्फोट रूढच आहे, आणि मूठभरांचा नियम सर्वांवर लादण्यास कोणताही आधार नाही. ते विधेयक रखडले, आणि १९५१ साली त्यांनी ज्या कारणांस्तव मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यांत या रखडण्याचा वाटा मोठा होता.

परंतु जुन्या रिवाजाचे गोडवे गाण्याचाही मोह मला आवरला पाहिजे असे वाटते. काडीमोड सुलभ होती हे खरे असले तरी ती देणारे पंच पुरुष होते, काडी मोडण्याचा अधिकार बहुधा नवऱ्याच्या हाती होता, आणि स्त्रीच्या पोटगीचा, मुलांच्या ताब्याचा किंवा तिच्या कष्टाच्या मोबदल्याचा प्रश्न त्या बैठकीत क्वचितच निघत असे. इंग्रजी अंमलात हा जातीचा अधिकार हळूहळू न्यायालयांनी काढून घेतला: १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा नवरा हयात असताना स्त्रीला दुसऱ्या विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. जुने दार असे बंद होत गेले आणि नवे मात्र लवकर उघडले नाही. शेजारच्या करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१९ साली काडीमोडीसंबंधी कायदा केला, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली लग्नविच्छेदाचा कायदा आणला, आणि मुंबई इलाख्याने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंध व १९४७ साली हिंदू घटस्फोट असे दोन कायदे लागोपाठ केले. त्यांतील पहिल्याची वैधता १९५१ साली उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ती उचलून धरणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, हे जन्माने साताऱ्याचे होते. अखेर १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अंमलात आला, आणि गावच्या पारावर होणारा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात गेला.

या स्थलांतराने स्त्रीला काय मिळाले आणि तिच्यापासून काय दुरावले, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. मिळाला तो लेखी हुकूमनामा, ज्याच्या आधारे ती कोणत्याही कचेरीत आपला दर्जा सिद्ध करू शकते; मिळाला तो पोटगी, स्त्रीधन आणि मुले यांवर दाद मागण्याचा अधिकार. दुरावली ती जवळीक आणि समज. पंचांपुढचा व्यवहार अन्यायाचा असला तरी तो तिला कळत होता. न्यायालयातला व्यवहार न्यायाचा असला तरी तो तिला कळत नाही. हे न कळणे हीच आज या जिल्ह्यांतील शेकडो संसारांची खरी शोकांतिका आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

त्या अज्ञानाचे सर्वांत घातक फळ म्हणजे मुद्रांक कागदावर लिहून, दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारलेली सोडचिठ्ठी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट अबाधित ठेवला आहे, एवढे अर्धे ज्ञान या कागदामागे असते. परंतु अशी रूढी प्राचीन, अखंड, निश्चित आणि सार्वजनिक धोरणाला धरून असल्याचे ज्याला तिचा आधार घ्यायचा त्यानेच न्यायालयात स्पष्ट मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि रूढीच्या अभावी केवळ लेखाने विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. हे उरलेले अर्धे ज्ञान कोणी सांगत नाही. मग काय होते? त्या कागदावर विसंबून पुरुष दुसरा विवाह करतो. तो विवाह कायद्याने मुळातच शून्य ठरतो, त्याच्यावर द्विभार्या केल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि कित्येक वर्षांनी निवृत्तिवेतनाचा किंवा वारसनोंदीचा प्रश्न निघतो तेव्हा जिने पंधरा-वीस वर्षे संसार केला त्या दुसऱ्या स्त्रीला आपण कायद्याने कोणीच नव्हतो हे प्रथमच कळते. मुले तेवढी कायद्याच्या कृपेने औरस ठरतात. पहिलीचेही नुकसान कमी नसते, कारण त्याच कागदावर किरकोळ रकमेच्या मोबदल्यात आपला कोणताही हक्क राहिला नाही असे तिच्याकडून लिहून घेतलेले असते. वस्तुतः न्यायालयाबाहेर असे लिहून दिल्याने कायद्याने दिलेला पोटगीचा हक्क संपत नाही, पण हे तिला सांगणार कोण? तो कागद ती आयुष्यभर पेटीत जपून ठेवते आणि त्यालाच निवाडा समजते.

याच्या उलट टोकाला उभी आहे ती टाकलेली स्त्री. तिला कागदही मिळालेला नसतो. ती नवऱ्याच्या घरी नांदत नाही, माहेरी तिला हक्काची जागा नाही, आणि सरकारदरबारी ती अजूनही त्या नवऱ्याची पत्नीच असते. वाळवा तालुक्यातील कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या द्वारे या परित्यक्तांना संघटित केले. स्वतंत्र शिधापत्रिका, घरासाठी जागा, कसण्यासाठी जमीन अशा साध्या मागण्या पुढे मांडल्या. इंदुताई १९४२ च्या लढ्यातून घडलेल्या होत्या, आणि त्या लढ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने स्थापलेली न्यायदान मंडळे बायकोला छळणाऱ्या व टाकून देणाऱ्या नवऱ्यांनाही शासन करीत होती, हा धागा विसरण्याजोगा नाही. कायद्यामुळे घरे मोडतात असे म्हणणाऱ्यांनी या परित्यक्तांकडे पाहावे. त्यांची घरे कोणत्याही न्यायालयाने मोडलेली नाहीत. ती आधीच मोडलेली होती, आणि मोडल्याची नोंद कोणी केली नाही म्हणून त्या स्त्रियांना ना मागे जाता आले ना पुढे.

टाकलेल्या स्त्रीने दाद मागितली की तिच्यापुढे येते ती नांदायला येण्याची नोटीस. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा दावा आपल्याकडे इंग्रजी कायद्यातून आला, आणि त्याने पहिली मोठी खळबळ उडवली ती मुंबईत रखमाबाईंच्या खटल्यात. अजाणत्या वयात लावलेल्या लग्नाचा नवरा १८८४ साली न्यायालयात गेला, रखमाबाईंनी त्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली, आणि १८८८ साली पैसे देऊन प्रकरण मिटल्यावर त्या विलायतेत जाऊन डॉक्टर होऊन आल्या. तो दावा आजही कायद्याच्या कलम ९ मध्ये जिवंत आहे. ज्याला बायको नको असते असा नवराही पोटगी चुकवण्यासाठी तो दाखल करतो, आणि नोटीस हाती पडताच माहेरची माणसे घाबरून मुलीला पुन्हा त्याच छळात पाठवतात. त्यांनी हे जाणावे की, असा हुकूम झाला तरी तिला हाताला धरून नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि न नांदण्यास पुरेसे कारण असेल, तर हुकूम मोडूनही तिला पोटगी मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. हे कलम कायद्याच्या पुस्तकात राहूच नये, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष प्रक्रियेकडे वळू. विवाहानंतर एक वर्ष लोटल्याखेरीज, असाधारण हालअपेष्टा वगळता, घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे ते, एरवी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश हा अर्ज चालवतात. कुठे दाखल करावा हा प्रश्न इथल्या लोकांना फार नडतो, कारण या मुलखातला नवरा पुष्कळदा परमुलखात असतो: खानापूर-आटपाडीकडचा गलाईच्या धंद्यासाठी दूर कुठल्या शहरात, पाटण-जावळीकडचा मुंबईत माथाडी म्हणून, साताऱ्याच्या कित्येक गावांतला लष्करात सरहद्दीवर. विवाह जिथे झाला, दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले, किंवा जाबदार जिथे राहतो, या तीन जागांखेरीज पत्नी स्वतः जिथे राहते तिथेही तिला अर्ज करता यावा, ही तरतूद २००३ साली कायद्यात आली. विट्याच्या स्त्रीला आता नवऱ्याच्या मागे दूरच्या प्रांतात जावे लागत नाही. लष्करातल्या नवऱ्याच्या बाबतीत लष्करी अधिकारी त्याच्या वेतनातून पत्नीच्या निर्वाहासाठी रक्कम कापू शकतात, हेही अपशिंग्यासारख्या गावातील घरांनी ध्यानात ठेवावे.

अर्ज दाखल झाल्यावर समन्स निघते, बेलीफ ते बजावतो, जाबदार हजर होऊन आपली कैफियत देतो. हजर न झाल्यास एकतर्फी निकाल होऊ शकतो. न्यायाधीशाने आधी समेटाचा यत्न करावा असे कायदाच सांगतो, आणि सुनावणी बंद दाराआड होते, त्यामुळे घरची लक्तरे वेशीवर टांगली जातील ही भीती निराधार आहे. त्यानंतर मुद्दे निघतात, शपथेवरचा पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल. क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, सात वर्षे ठावठिकाणा नसणे ही प्रमुख कारणे होत. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने नवरा चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे निर्वाह न करणे, छळ करणे इत्यादी कारणांवर स्वतंत्र अधिकार दिला आहे.

या सर्व प्रवासात जिथे खरा निवाडा होतो ती जागा अंतिम हुकूमनाम्याच्या बरीच आधी, कलम २४ च्या अर्जावर येते. दावा चालू असताना निर्वाहासाठी पोटगी आणि दाव्याचा खर्च मागण्याचा हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायद्याने म्हटले आहे. ज्या स्त्रीला ही अंतरिम पोटगी वेळेवर मिळते ती टिकते. जिला मिळत नाही ती थकून मिळेल त्या अटींवर सही करते. २०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला की दोन्ही पक्षांनी आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर सांगावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. नोकरदाराचे वेतन त्यात सहज उघड होते. बागायतदाराचे होत नाही. सातबारा वडिलांच्या नावे, उसाची नोंद भावाच्या नावे, दुधाचे बिल आईच्या खात्यावर, आणि जाबदार मात्र आपण बेकार असल्याचे शपथेवर सांगतो, असा अनुभव या पट्ट्यातील कोणताही वकील सांगेल. म्हणून साखर कारखान्याची उसाची बिले, दूध संस्थेचे उतारे, सोसायटीच्या कर्जाच्या नोंदी आणि आठ-अ चे उतारे मिळवणे हे अर्जदार स्त्रीच्या वकिलाचे पहिले कर्तव्य होय. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा जसा पावसाळा सरता सरताच अडवावा लागतो, तसा हा पुरावाही आरंभीच अडवला पाहिजे. मागाहून हाती लागत नाही.

आणि तरीही कायद्याची मोठी उणीव इथेच उघडी पडते. वीस वर्षे ज्या स्त्रीने लागणीपासून तोडणीपर्यंत उसाच्या सरीत राबून ती जमीन पिकती ठेवली, तिला घटस्फोटाच्या वेळी त्या जमिनीत पत्नी म्हणून वाटा नाही. तिला पोटगी आहे, तीही मागून. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी, जे जन्माने साताऱ्याचेच, यांनी लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करण्यास सांगितले, आणि पुष्कळांनी तो केला. जे स्वखुशीने थोड्यांनी केले ते कायद्याने सर्वांवर बंधनकारक का नसावे? विवाह पुन्हा सांधता येणार नाही इतका मोडला असेल तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मिळावा, ही विधी आयोगाची शिफारस १९७८ ची आहे. २०१३ साली राज्यसभेने संमत केलेल्या विधेयकात तिच्यासोबत पत्नीला पतीच्या मालमत्तेतून मोबदला देण्याची तरतूद होती, पण ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या कारणावर घटस्फोट देण्याचा स्वतःचा विशेष अधिकार मान्य केला, पण तो अधिकार जिल्हा न्यायालयाला नाही, आणि जत तालुक्यातील स्त्री दिल्लीला जाऊ शकत नाही. दोष सिद्ध करण्याच्या सक्तीमुळे दोन्ही बाजू एकमेकांवर नको ते आरोप करतात आणि मुले ते ऐकत वाढतात, हे मला मान्य आहे. इंग्लंडने २०२२ साली ही सक्ती काढून टाकली. परंतु मालमत्तेतील वाट्याची तरतूद न करता आपण केवळ सुटका सोपी केली, तर ती सुटका ज्याच्या नावे सातबारा आहे त्याचीच होईल.

परस्पर संमतीचा मार्ग १९७६ साली खुला झाला. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती कायम असल्याचे सांगायचे. हा सहा महिन्यांचा अवधी योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले. हाच मार्ग पुष्कळांना श्रेयस्कर, असे मीही म्हणेन, पण एक अट घालून: रक्कम, दागिने, मुलांचा ताबा आणि त्यांचे शिक्षण हे सारे अर्जातच लिहिलेले असावे, आणि रक्कम दुसऱ्या जबाबापूर्वी न्यायालयात जमा व्हावी. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सही करणाऱ्या स्त्रीला माहीत असले पाहिजे. ‘नंतर देतो’ या शब्दावर दिलेली संमती पुढे दरखास्तीच्या कामात वर्षानुवर्षे फिरवते.

विलंबाविषयी बोलल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही. असे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम २१-ब मध्ये १९७६ पासून लिहिलेले आहे. प्रत्यक्षात काय होते ते तारखांना हेलपाटे घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एक अंतर मात्र खरोखर कमी झाले: २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, आणि साताऱ्या-सांगलीच्या लोकांना आता उच्च न्यायालयातील अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, आणि ती संपल्यावाचून किंवा अपिलाचा निकाल लागल्यावाचून दुसरा विवाह करू नये, हे निकाल हाती पडल्याच्या आनंदात विसरले जाते.

या दोन जिल्ह्यांतील वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरातील किंवा शेजारच्या कोणा मुलीवर हा प्रसंग आला तर मुद्रांक विक्रेत्याकडे जाण्याआधी तिला जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत, किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे घेऊन जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी तिला उत्पन्नाची कोणतीही मर्यादा नाही. घटस्फोट आणि पोटगीच्या कामात स्त्रियांना न्यायालय शुल्कही महाराष्ट्र शासनाने १९९४ सालापासून माफ केलेले आहे. जाताना लग्नपत्रिका, लग्नातील छायाचित्रे, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या जमिनीचे उतारे सोबत न्या, आणि अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला वकिलांना सांगा.